मायेनं वाढवलेला कोंबडाच अंगावर येतो, काय करू?

पत्र थोडक्यात असं आहे: 'आमच्याकडे एक कोंबडा आहे. सहा पिल्लं आणली होती, त्यातली पाच आठवड्याभरात दगावली. उरलेल्या एकाला माझ्या नऊ वर्षांच्या मुलानं खोक्यात, बल्बच्या उबेवर वाढवलं. हातावर दाणे खायचा, मुलाच्या खांद्यावर बसून घरभर फिरायचा. आता तो वर्षाचा झालाय. चार महिन्यांपूर्वी चपलेला चोच मारायला लागला, ते आम्ही हसण्यावारी नेलं. आता मी खराटा घेऊन अंगणात उतरले की उडी घेऊन दोन्ही पाय पुढे करतो. मी ओरडत घरात पळते. गेल्या आठवड्यात सासूबाईंच्या पोटरीतून रक्त काढलं. नवरा काठी घेऊन जातो, पण फटका बसला की हा चार पावलं मागे सरतो आणि पुन्हा येतो. एकटा पडला म्हणून असं करत असेल, असं वाटून दोन तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, आणल्या. फरक पडला नाही, उलट त्यांच्या पाठीवरची पिसं गेली. सगळे म्हणतात, कापून टाका. मुलगा हे ऐकून जेवत नाही. तो विचारतो, आई, तो मला ओळखत नाही का? इतकी माया केली त्याची ही परतफेड? माझं कुठे चुकलं?'

ताई, कोंबड्याकडे वळण्याआधी सासूबाईंची पोटरी बघू.

वर्षाच्या कोंबड्याच्या टाचेवरचा काटा फार लांब नसतो, पण टोकदार असतो. नखंही तशीच. अशी जखम वरून टाचणीच्या डोक्याएवढी दिसते आणि आत खोल गेलेली असते. वाहत्या पाण्याखाली साबणानं नीट धुतली होती का? धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं होतं? ते आठवत नसेल तर आजच डॉक्टरांकडे जा. जागा सुजली, गरम लागली किंवा ठणकायला लागली तर तासभरही थांबू नका. मधुमेह असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा पायावर फुगलेल्या निळ्या शिरा असतील, तर त्यांनी या कोंबड्याच्या वाटेला अजिबात जायचं नाही. ऑस्ट्रेलियात एका वृद्ध बाईंच्या पायावरच्या अशाच फुगलेल्या शिरेवर कोंबड्यानं चोच मारली आणि रक्तस्राव होऊन त्या गेल्या. हे प्रकरण २०१९ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. असं क्वचितच घडतं, पण ज्या घरात म्हातारं माणूस आहे तिथे माहीत असलेलं बरं. रेबीजची धास्ती मात्र घेऊ नका, तो सस्तन प्राण्यांचा आजार आहे.

आता 'परतफेड' या शब्दाकडे येते. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त टोचला तो हाच.

तुम्ही धरून चाललात की माया केली म्हणजे पक्षी माणसाळतो आणि माणसाळला की गरीब होतो. कुत्र्याच्या बाबतीत यात बरंच तथ्य आहे, कारण कुत्रा हजारो वर्षं माणसाचा सोबती म्हणून घडत आलाय. कोंबड्याचं तसं नाही. त्याला माणसाबद्दल प्रेम असो वा नसो, एक धाक असतो. हा उंच, दोन पायांचा प्राणी आपल्यातला नव्हे, त्याच्यापासून हातभर लांब राहावं, एवढाच. कळपात आईच्या पंखाखाली वाढलेलं पिल्लू हे अंतर आपोआप शिकतं. तुमच्या पिल्लाला आई नव्हती, आठवड्यानंतर भावंडंही नव्हती. डोळे उघडून त्यानं आपलं म्हणून जे पाहिलं ते तुम्ही आणि तुमचा मुलगा. त्याच्या लेखी तुम्ही सगळे कोंबड्याच आहात, जरा मोठ्या आकाराच्या. आणि कोंबड्यांच्या घरात वयात आलेला नर काय करतो? आपली जागा कितवी, हे विचारत सुटतो.

ही वरखाली लावलेली जागांची उतरंड पहिल्यांदा नीट मांडली थोरलीफ शेल्डरुप-एब्बे या नॉर्वेच्या संशोधकानं, १९२१ च्या सुमाराला. लहानपणापासून तो कोंबड्यांकडे बघत बसायचा, कोण कोणाला चोच मारतं आणि कोण गप्प राहून खातं याच्या नोंदी ठेवायचा. कोंबड्याच्या आरवण्यालासुद्धा ही उतरंड सोडत नाही. जपानमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की कोंबडा उजेड बघून नव्हे तर आतल्या घड्याळावर आरवतो, म्हणजे आपल्या म्हणीतलं झाकलेलं कोंबडंही वेळेवरच आरवत असणार. पुढे २०१५ मध्ये त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली: पहाटे पहिली बांग देण्याचा मान सगळ्यात वरच्या कोंबड्याचा, बाकीचे त्याच्यामागून आपापल्या पायरीनं. ज्याच्या आयुष्यात पहाटेची हाकसुद्धा मानपानानं ठरते, त्याला अंगणात रोज समोर येणारी तुमची चप्पल कशी दिसत असेल बघा.

चपलेला मारलेली ती पहिली चोच हा त्याचा पहिला प्रश्न होता. पाच-सहा महिन्यांचा झाला की नराच्या अंगात संप्रेरकं चढतात, तुरा आणि चोचीखालचे कल्ले लालभडक होतात, घोगरी बांग सुधारते आणि हे प्रश्न सुरू होतात. काहींचे वर्ष भरता भरता सुरू होतात. तुम्ही हसलात, कदाचित पाय मागे घेतलात. त्यानं त्याला हवं ते उत्तर ऐकलं. यात तुमचा दोष काढत नाही. पिल्लाच्या चोचीला कोणीही हसेल.

आता काठी. तुमच्या घरात सध्या दोन प्रकारची माणसं आहेत, त्याला मारणारी आणि त्याच्यापासून पळणारी. कोंबड्याला हे दोन्ही उत्तम समजतं, कारण त्याच्या भाषेत या दोनच गोष्टी आहेत. पळणारा हरलेला असतो, मारणारा लढायला तयार असतो. तुमचे यजमान रोज त्याच्याशी लढाई करतात आणि ती रोज अर्धवट सोडतात. चार पावलं मागे सरून परत येणारा कोंबडा माजलेला नसतो, निकाल लागायची वाट बघत असतो. शिवाय पक्ष्याची हाडं हलकी असतात, काठीचा एखादा फटका भलत्या जागी बसला तर पाय किंवा पंख कायमचा जायचा. यजमानांना सांगा, काठी आजपासून बंद. ते खवळतील. त्यांच्या हातात काठीऐवजी दुसरं काहीतरी द्या, म्हणजे बरं.

दुसरं म्हणजे ढाल. मोठ्या पिंपाचं झाकण, प्लायवूडचा तुकडा, जुना ट्रे, रुंद पाटी, गुडघ्यापासून मांडीपर्यंत झाकेल असं काहीही चालेल. जाड पँट आणि गुडघ्यापर्यंतचे गमबूट घाला. ढाल मारायची नाही, ढकलायचीही नाही. ती फक्त तुमच्या आणि त्याच्या मध्ये असते. तो आला तर झाकणावर आदळेल, पडेल, पुन्हा येईल. तुम्ही जागचं हलायचं नाही, ओरडायचं नाही, रोखून बघायचं नाही. दोन-चार धडकांनंतर तो थांबतो, मान वळवतो, नसलेला दाणा टिपायला लागतो. त्या क्षणी तुम्ही एक-दोन पावलं शांतपणे पुढे टाका, त्याला बाजूला व्हायला लावा आणि आपल्या कामाला लागा. पाठ मात्र अजून काही आठवडे दाखवायची नाही.

तुम्हाला त्याच्यापेक्षा वरचढ व्हायचं नाहीये. पुष्कळ जण सांगतील, 'त्याला दाखवून द्या मालक कोण.' मला तो सल्ला पटत नाही, कारण दाखवून देणं म्हणजे पुन्हा त्याच्या खेळात उतरणंच. तुम्हाला खेळातूनच बाहेर पडायचंय. धडकून काही मिळत नाही, कोणी पळत नाही, कोणी लढत नाही, भिंतीला टक्कर दिल्यासारखं होतं, असा कंटाळा त्याला यायला हवा.

हल्ल्याआधीच्या खुणा ओळखायला शिकलात तर निम्मं काम झालं. तो सरळ धावून येण्याआधी आडवा होतो. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यानं एका डोळ्यानं तुम्हाला मापतो. एक पंख जमिनीला टेकेल इतका खाली सोडून तिरका तिरका नाचत जवळ येतो, मानेची पिसं बाटल्या धुण्याच्या ब्रशसारखी फुलतात, मध्येच जमिनीवर उगाच चोच आपटतो. हे सगळं होतं तेव्हा तुमच्या हातात दोन-चार सेकंद असतात.

दाणे कधी टाकायचे हेही इथेच ठरतं. पिसं फुलल्यावर किंवा धडक दिल्यावर, त्याचं लक्ष वळवायला म्हणून तुम्ही मूठभर दाणे फेकले, तर तो शिकेल की अंगावर गेलं की दाणे मिळतात. कोंबड्या अशा गोष्टी चटकन शिकतात. त्याऐवजी अंगणात पाऊल टाकताक्षणी, तो अजून लांब आणि शांत असतानाच, दाणे त्याच्या पलीकडे टाका, म्हणजे ते खायला तो तुमच्यापासून दूर जाईल. दिवसातून दोनदा, पाच-दहा मिनिटं, रोज. हातावर भरवणं पूर्ण बंद. खांद्यावर बसवणं तर आजपासून नाहीच, कारण तिथून डोळा एका चोचीच्या अंतरावर असतो.

तुमच्या पत्रातला खराटा माझ्या डोक्यातून जात नाही. तुम्ही लिहिलंय की खराटा हातात असला की तो हमखास येतो. त्याच्या जागी उभं राहून बघा: जमिनीलगत फुललेल्या काड्यांचा जुडगा, सळसळत, डावीउजवीकडे झेपा टाकत पुढे येतोय. मान खाली घालून पिसं फुलवलेल्या दुसऱ्या कोंबड्याचं याहून बरं सोंग कोणी आणू शकणार नाही. म्हणजे तो कदाचित तुमच्यावर येतच नसेल, खराट्यावर येत असेल, आणि तुम्ही त्याच्या मागे उभ्या असता. काही कोंबडे एका ठरावीक बुटावर चिडतात, काही हलणाऱ्या बादलीवर, काही झुळझुळणाऱ्या कपड्यावर. त्यांना रंग आपल्यापेक्षा जास्त दिसतात, अतिनील सुद्धा, त्यामुळे आपल्याला साध्या वाटणाऱ्या वस्तूत त्यांना काय दिसतं ते कळणं कठीण. तो खुराड्यात बंद असताना अंगण झाडा. पंधरा दिवस एवढंच करून बघा. मग मिटलेला खराटा हातात न घेता भिंतीला टेकवून ठेवा आणि त्याच्या आसपास दाणे टाका. सवय मोडते तशीच लागतेही, फक्त हळू.

माझ्या पोटरीवरही एक जुनी खूण आहे. आमच्या कोंबड्यानं मला शाळेच्या वयात अंगणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पळवलं होतं. त्याच कोंबड्याच्या शेजारून आजी कमरेला पाटी लावून जायची आणि तो नुसता बाजूला व्हायचा. मला वाटायचं आजीला काही मंत्र येतो. पुष्कळ वर्षांनी कळलं, ती त्याच्याकडे बघतच नव्हती. तिला कामं होती.

उचलून घेण्याबद्दल मतं वेगवेगळी आहेत. काहींच्या कोंबड्याला रोज दहा-पंधरा मिनिटं काखेत धरून हिंडवलं की तो निवळतो, काहींचा खाली ठेवताक्षणी दुप्पट चिडतो. करून बघायचं असेल तर दिवेलागणीनंतर, तो दांडीवर बसला की बघा. कोंबड्यांना अंधारात फारसं दिसत नाही, त्या वेळी तो सहज हाती येतो. दोन्ही पंख अंगालगत दाबून काखेत घ्या, पाय दुसऱ्या हातात. छाती मात्र आवळायची नाही. पक्ष्यांना आपल्यासारखं श्वासपटल नसतं, छातीचं हाड पुढेमागे होऊनच त्यांचा श्वास चालतो, ते दाबलं की जीव गुदमरतो. याच कारणानं पाय धरून उलटं टांगून 'वठणीवर आणायचा' प्रकारही करू नका, पोटातल्या अवयवांचा भार श्वासावर येतो. उलटा लटकलेला कोंबडा गप्प होतो हे खरं, पण तो शहाणा झालेला नसतो. मान जमिनीला दाबून धरायचा उपायही याच पंगतीतला. धडपड थांबल्यावर आणि अंग सैल सोडल्यावरच खाली ठेवायचं. हे काम मोठ्या माणसानं करायचं, मुलानं नाही.

तलंगांचं. एकटेपणा घालवायला म्हणून आणलेल्या दोनच माद्यांचे हाल झालेत, ते तुम्हीच पाहिलंत. एका नरामागे आठ-दहा माद्या असाव्यात असं कोंबड्या पाळणारे सांगतात, नाहीतर सगळा भार एकीदोघींच्या पाठीवर येतो. सध्या मध्ये जाळी घालून त्यांना वेगळं ठेवा, एकमेकांना दिसतील असं. उघड्या पडलेल्या पाठीवर जखम आहे का ते बघा, कारण रक्त दिसलं की दुसरी कोंबडीही टोचायला लागते. वाढवता आल्या तर माद्या वाढवा, पण त्यानं तो तुमच्याशी गरीब होईल या आशेवर नको. उलट राखण करायला त्याला जास्त निमित्त मिळेल. तसा तो वाईट नवरा नसेलही. एकदा नीट बघा, दाणा सापडला की तो स्वतः गिळतो, की चोचीत उचलून खाली टाकत, कुकुकु करत त्यांना बोलावतो? घारीची सावली दिसली की वेगळा आवाज काढून त्यांना लपवतो का? जो कोंबडा हे करतो, त्याच्यात कोंबडा म्हणून काही बिघडलेलं नाही. राखणदाराला पाहुणे आवडत नाहीत, इतकंच.

मग दार आणि जाळी. अंगणाचा एक भाग त्याचा आणि उरलेला माणसांचा, असं सरळ वाटून टाका. सासूबाईंना कपडे वाळत घालायला त्याच्या हद्दीतून जावं लागत असेल तर दोरी हलवा, सासूबाईंना शूर व्हायला सांगू नका.

एकदा पशुवैद्यांनाही दाखवा. अचानक चिडका झालेला पक्षी कधी कधी नुसता दुखणाईत असतो. तळपायाला गाठ झालीय का, पिसांच्या मुळाशी किडे आहेत का, एका डोळ्याला कमी दिसतंय का, हे तपासून घ्या. किडे रात्री दांडीच्या फटीतून निघून रक्त पितात, म्हणून अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन दांडीसुद्धा बघा. काट्याचं टोक बोथट कसं करायचं तेही त्यांच्याकडूनच शिकून घ्या. काट्याच्या आत जिवंत हाड असतं आणि त्याला रक्तपुरवठा असतो. घरी कात्रीनं छाटायला गेलात तर रक्ताची धार लागेल. कानशीनं फक्त अणी घासायची. 'खच्ची करून टाका' असं कोणी सुचवलं तर एवढं लक्षात घ्या की पक्ष्याची वृषणं पोटात, मूत्रपिंडाजवळ असतात. बोकडासारखं ते सोपं काम नाही, जिवावर बेतू शकतं.

ज्यांच्या घरी आत्ता खोक्यात पिल्लं आहेत, त्यांच्यासाठीही दोन शब्द. एकच पिल्लू वाढवू नका. एकटं उरलंच तर लवकरात लवकर दुसरी पिल्लं शोधा. नर आहे असा संशय आला की कुशीत घेणं कमी करा, त्याला त्याच्या जातीत राहू द्या. आणि चपलेला पहिली चोच बसली की पाय मागे घेऊ नका.

हे सगळं केल्यावर काय होईल? तीन-चार आठवड्यांत बरेच कोंबडे पुष्कळ निवळतात. काही निवळत नाहीत. स्वभाव थोडा रक्तातूनही येतो, म्हणून याची अंडी उबवायला ठेवू नका. माझी रेघ स्पष्ट आहे: उडी मारणाऱ्या कोंबड्याच्या नख्या नऊ वर्षांच्या वाकलेल्या मुलाच्या चेहऱ्यापर्यंत सहज पोचतात, त्यामुळे सलग महिनाभर एकही हल्ला झाला नाही असं होईपर्यंत मुलगा त्याच्या हद्दीत एकटा जाणार नाही. घरातल्या लहानग्याच्या डोळ्यापुढे कोणत्याही पक्ष्यावरची माया मी मोजणार नाही. महिन्यानंतरही तो तसाच असेल, तर त्याला कायमचं जाळीआड ठेवा किंवा मोठा मोकळा कळप असलेल्या जाणत्या माणसाला द्या. देताना त्याचे गुण जसेच्या तसे सांगा. आणि झुंजीसाठी असे कोंबडे शोधत फिरणारे लोक असतात, न्यायला आलेला माणूस 'किती जोरात मारतो?' असं कौतुकानं विचारायला लागला तर दार लावून घ्या. यातलं काहीच जमलं नाही आणि शेवटचा निर्णय घ्यावा लागला, तर तो पशुवैद्यांच्या हातून, वेदना न होता व्हावा. आणि मुलाला 'उडून गेला' असं सांगू नका. नऊ वर्षांच्या मुलाला कोंबडा किती उडतो ते माहीत असतं.

राहिला त्याचा प्रश्न, तो मला ओळखत नाही का. ओळखतो. कोंबड्या माणसं वेगवेगळी ओळखतात. मुलाला सांगा, त्यानं तुला परकं मानलेलं नाही, फारच घरचं मानलंय, म्हणून तो तुझ्याशी भावासारखा भांडतो. मग त्याला एक वही द्या आणि जाळीच्या बाहेर बसवा. तारीख, वेळ, कोण अंगणात आलं, पायात काय होतं, हातात काय होतं, पंख खाली सोडला की नाही, किती पावलांवरून परत फिरला. माझा अंदाज आहे की आठवड्याभरात तुमच्या कोंबड्याबद्दल त्याला आपल्या दोघींपेक्षा जास्त कळायला लागेल. खराट्याबद्दलचा माझा तर्क बरोबर निघाला की चूक, ते त्याच्याच अक्षरात कळवा, आणि सासूबाईंची पोटरी कशी आहे तेही.